लंगड्या मागाचा ठेका

माझं अक्षर चांगलं नाही, आणि शुद्धलेखनाच्या तर फार चुका होतात. चौथीपर्यंतच शाळा झाली. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला अजून नीट कळत नाही, जोडाक्षर आलं की पेन अडतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी ओळी उताराला लागल्यासारख्या खाली खाली जाताना बघून माझी मलाच लाज वाटते. म्हणून आधीच माफी मागते. लिहिणं जमत नाही, पण बोलणं मला त्याहून जमत नाही.

गेल्या महिन्यात मी साताऱ्याहून विट्याला मामीकडं जाऊन आले. मामा आता नाही. मामीनं फोनवर सांगितलं होतं, "तुझी गिटार माळ्यावर हाय. घिऊन जा, न्हाईतर भंगारवाल्याला दिती." मामी फोनवरही ओरडूनच बोलते. सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळं हळू बोलणं तिला येतच नाही. "च्या घेतीस का?" एवढं विचारलं तरी गल्लीला कळतं.

पण आता तिथं खडखडाट नाही. शेड उघडून आत गेले तर चारही माग गेलेले. कोब्यातून त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे वर आलेले, आणि भोवती तेलाचे काळे डाग. एका कोपऱ्यात कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचून ठेवलेत. पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांवर सुताची धूळ अजून तशीच, मळक्या लोकरीसारखी लोंबत होती. आणि शांतता इतकी, की वर पत्र्यावर चिमणीची नखं वाजलेली ऐकू आली. त्या शेडमध्ये मी कधी चिमणी ऐकली नव्हती.

तिसऱ्या मागाच्या जागी जाऊन उभी राहिले. वाटलं, कानात काहीतरी येईल. कानात काही आलं नाही. उजवं मनगट मात्र आपोआप हललं.

मी विट्याला आले तेव्हा माझ्या कपड्यांना मेंढरांचा वास होता. आमचं गाव वडूजच्या बाजूला, कोरडं. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन निघायचे ते उन्हाळा संपता संपता परतायचे. चौथीनंतर मीही त्यांच्या मागनं फिरले. पुढं मामाकडं का आले ते लिहिण्यासारखं नाही. मामीनं पहिल्या दिवशी मला शिकेकाईनं तीनदा न्हाऊ घातलं आणि तरी म्हणाली, "अजून कोकरागत वास मारतीया." मग हळूहळू तो वास गेला आणि मागाच्या तेलाचा, सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास अंगात भरला. कुठला वास कधी गेला ते आपल्याला कळत नाही. एक दिवस नाक लावून बघितलं तर तो नसतो.

शेड आणि माग शेठचे होते. मामा ते चालवायचा आणि मागच्या खोलीत राहायचा. शेडला लागूनच कांड्यांची खोली होती, तिथं मी. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. धोटा मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं पळतो आणि जाताना सूत सोडत जातो. ते सूत नळीवर गुंडाळून द्यायचं काम माझं. यंत्र गरागरा फिरवतं, पण सूत तुटलं की बोटांनी गाठ मारायची. गाठ बारीक हवी, झटक्यात हवी. माझी बोटं त्यात तयार झाली होती, हे मला माहीत नव्हतं. मामाला माहीत होतं.

मामा तरुणपणी जत्रांमधून फिरणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मग त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ते कसं झालं मी बघितलेलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. मामी फक्त कधीतरी भात वाढताना त्या हाताकडं बघायची आणि पळी पातेल्यात जोरात ठेवायची.

आणि असा माणूस एक दिवस मिरजेहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे. तिथं भोपळ्यांच्या आणि तंबोऱ्यांच्या गर्दीत ही एकटी लालभडक लटकत होती म्हणे, कुणीतरी घेऊन परत केलेली. काखेत आवाज मोठा करायची ॲम्प्ली, खांद्यावर गिटार, असा मामा एसटीतून उतरला. मामी दारातच उभी राहिली.

"आठ बोटांचा मानूस आन गिटार घिऊन आलाय! राहिलेली दोन बोटं दुकानदारानं वर दिली का?"

"दिली की," मामा म्हणाला. "ती आत कांड्या भरतीया बघ."

मी दारामागं सरकले. पण ते मी ऐकलं होतं.

पैसे शेठकडून उचल म्हणून घेतले होते. मागवाल्यांत तसंच चालतं. शेठ उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्याच शेडला बांधलेला. मामाच्या नावावर आधीचीच बाकी होती, म्हणून ही उचल माझ्या नावावर टाकली, माझ्या कांड्यांच्या पगारातून कापायची. आबांना एवढंच सांगितलं, की ती फिटेपर्यंत पोरगी विट्यालाच राहील. आबांनी डोक्याचा पटका सोडला आणि पुन्हा बांधला.

पहिल्यांदा गिटार गळ्यात घातली तेव्हा ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. थंडगार, आणि तारा एकमेकींपासून पायाच्या नखाएवढ्या अंतरावर. दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना पडदे म्हणतात, मामानं सांगितलं त्या पडद्यावर बोट दाबलं. आपण तार दाबत नाही, तार आपल्याला कापते, असं वाटलं. आठवडाभर डाव्या बोटांना फोड. मामी रात्रीचं उरलेलं तूप लावायची आणि मामाला शिव्या द्यायची. मग फोड फुटले, कातडं वाळलं, पुन्हा आलं. उजव्या हाताला सुतानं पडलेल्या रेघा आणि डाव्याला तारांचे घट्टे. शेजारच्या बायका माझे हात बघून म्हणायच्या, हिला नवरा कसा मिळणार.

साध्या आवाजातली गिटार तिथं ऐकूच यायची नाही. भिंतीपलीकडं चार माग, त्यांच्या खडखडाटात ती म्हणजे रातकिडा. म्हणून मामानं एक पेडल आणलं, पायानं दाबायची लोखंडी डबी. ती दाबली की आवाज फाटायचा. फाटलेला आवाज मात्र मागांच्या वर यायचा, पत्र्याला जाऊन थडकायचा. लोक रॉक का वाजवतात मला माहीत नाही. आम्ही वाजवलं, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

गाणी मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणायचो. परदेशी, त्यांची नावं आम्हाला वाचता येत नसत. आम्हीच नावं ठेवली. एक होतं 'घाटातलं', कारण त्यात गिटार वळणं घेत वर चढायची. एक 'गारांचं'. एक 'रडवं', ते मामाला फार आवडायचं. ते लागलं की तो मागाचा दांडा धरून उभा राहायचा आणि सूत तुटलेलंही त्याला दिसायचं नाही.

मामाचं शिकवणं सगळं बोलण्यातून, कारण करून दाखवायला बोटं पुरत नव्हती. तार ओढून सूर वर न्यायचा असतो, त्याला तो म्हणायचा, "शेजारणीच्या उंबऱ्यापतुर जायाचं. आत शिरायचं न्हाई, आन अलीकडं बी थांबायचं न्हाई." आधी पुढच्या पडद्यावरचा सूर वाजवायचा, कानात धरायचा, मग मागच्या पडद्यावरून तार ओढत ओढत त्याच सुराला नेऊन भिडवायची. मी ओढायची आणि मामा डोळे मिटून म्हणायचा, "अलीकडं. अजून अलीकडं. ग्येलीस तिच्या घरात! परत ये." महिनेच्या महिने मी त्या शेजारणीच्या दारात जात होते.

आणि बाकीच्या तारा गप ठेवायच्या. तेच सगळ्यात अवघड. एक तार वाजवली की उरलेल्या पाच कुजबुजायला लागतात. त्या तळहाताच्या कडेनं हळूच दाबून धरायच्या. "वाजवतं कुनी बी गं," मामा म्हणायचा, "गप बसवाय येतं का बघ." गप बसणं मला येत होतं. तेवढ्या एका गोष्टीत मी त्याला लवकर खूश केलं.

आणि ठेका मागाचा. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून तिसरा माग होता. मामा म्हणाला, ह्याच्याबरोबर वाजवायचं. त्याच्या एका ठोक्याला एक सूर. तो न चुकता जमला की एका ठोक्याला दोन, मग चार. हाताला घाई करू द्यायची नाही. कांड्या भरून ठेवायच्या, आणि टोपली भरली की वाजवायचं, रिकामी होत आली की पुन्हा कांड्या. असे दिवस गेले. लाईट गेली की माग एकदम थांबायचे आणि कानात शीळ वाजत राहायची. सगळी गल्ली बाहेर येऊन बसायची. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी वेणीफणी करायचं. ॲम्प्लीही बंद. मी आतच बसून नुसत्या तारा टिंगटिंग करत राहायची आणि मला ते जमायचंच नाही. माग नसला की हात कुठं जाऊ म्हणून घुटमळायचा. मला वाटायचं, अजून कच्ची आहे म्हणून.

खंडेनवमीला माग धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालायचे. एका वर्षी पाने, धोटे, हातोडी सगळं पाटावर मांडलं आणि मामीनं गिटारही त्यात आडवी ठेवली. "ही बी हत्यारच की, हिचं तोंड बघितलं तर." तिनं मनापासून हळदकुंकू वाहिलं, मूठभर. ते तारांखाली, आवाज पकडणाऱ्या लोखंडात शिरलं. दुसऱ्या दिवशी ॲम्प्ली लावली तर नुसतं खर्र खर्र. मामा हसून हसून खाली बसला. "देवी आली हिच्या अंगात!" मग दाढीच्या ब्रशनं दिवसभर कुंकू काढत बसलो. ते पूर्ण कधीच निघालं नाही. गेल्या महिन्यात गिटार घरी आणून पुसली तेव्हाही फडक्याला लाल लागलं.

मला लोकांसमोर वाजवता यायचं नाही. मामी चहा घेऊन आली तरी माझे हात थांबायचे. मी भिंतीकडं तोंड करून वाजवायची. मामी म्हणायची, "नवी नवरी तरी येवढी लाजत न्हाई गं भिताडाला." मामा म्हणायचा, ऱ्हाऊ दे, आवाज पाठीमागनं बी येतो.

मग साताऱ्याचं निघालं. मामाच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या एकाचा मुलगा, अमोल, साताऱ्यात कारखान्यात कामाला होता. तो ड्रम वाजवायचा. त्याचा आणि कारखान्यातल्या पोरांचा बँड होता, त्यांचा मुख्य गिटारवाला नोकरी बदलून गेला होता, आणि तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा साताऱ्यात मोठा कार्यक्रम होता. मामानं त्याला फोनवर सांगितलं, "माझी भाची हाय." पलीकडून आवाज आला, "पोरगी?" मग अमोल म्हणाला, "बघूया, आणा."

मागावरच्या कापडात गिटार गुंडाळून आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरनं गाठोड्यावर हात ठेवला. "काय हाय ह्यात? लांबलचक!"

"भाची हाय," मामा म्हणाला.

"मंग ह्या शेजारी बसल्यात त्या कोण?"

"ती वाजवणारी."

कंडक्टरनं एकदा माझ्याकडं, एकदा गाठोड्याकडं बघितलं आणि दोन तिकिटं फाडली. मी खिडकीत तोंड घालून बसले. मला हसू येत होतं.

त्यांची खोली एका वेल्डिंगच्या दुकानामागं होती. जळक्या लोखंडाचा वास. चारपाच पोरं, सगळी नीट बोलणारी. एकानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी गिटार लावली आणि भिंतीकडं तोंड केलं. "ताई, इकडं बघून वाजवा की," अमोल म्हणाला. मामा म्हणाला, "ते नंतर. आधी ऐक."

'घाटातलं' सुरू केलं. मला वाटतं मी चांगलं वाजवत होते. तार ओढली ती बरोबर शेजारणीच्या उंबऱ्यावर जाऊन थांबली, बाकीच्या गप होत्या. पण थोड्या वेळानं ड्रम थांबला.

"ताई, तुमी मागं पडताय."

पुन्हा. पुन्हा थांबला. "एका ठोक्याला बरोबर येताय, दुसऱ्याला मागं."

"सावकाश घे," मामा म्हणाला. सावकाश घेतलं. तरी तेच. मग मामा चिडला. "पोरा, तुझाच हात पळतोय. ही गेली कैक वर्षं ठेक्यावर वाजवतीया, कवा चुकली न्हाई."

अमोल वाद घालणारा नव्हता. त्यानं मोबाईल काढला, त्यात टिकटिक लावली आणि ड्रमवर ठेवला. "मामा, मी न्हाई वाजवत. ह्याच्याबरोबर वाजवू द्या."

मी मोबाईलबरोबर वाजवलं. एक टिक माझ्या सुराबरोबर पडायची. दुसरी आधीच पडून गेलेली असायची आणि मी तिच्या मागनं. मी घाई केली तर पहिलीही चुकायची. वाटेत कुणीतरी खड्डा खणून ठेवल्यासारखं, दर दुसऱ्या पावलाला. खोलीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अमोलनं मोबाईल बंद केला आणि म्हणाला, "हात लय भारी हाय ताईंचा. खरंच. तेवढा ठेका सरळ करा. तुळशीच्या लग्नापतुर आमी दुसरं कुणी बघत न्हाई."

येताना मामा समोरच्या सीटच्या दांडीवर बोटांनी वाजवत होता, आपल्याच नादात. टक, टटक. टक, टटक. मी बराच वेळ त्याच्या बोटांकडं बघत होते. मग माझ्या लक्षात आलं तो काय वाजवतोय ते, आणि त्याच वेळी त्याच्याही. त्याचा हात दांडीवरच थांबला.

घरी आल्यावर चपला न काढता आम्ही दोघं तिसऱ्या मागासमोर जाऊन उभे राहिलो. धोटा उजवीकडून जायचा तेव्हा ठोका वेळेवर. डावीकडून परतायचा तेव्हा एक डोळा मिचकावण्याएवढा उशीर. टक, टटक. इतकी वर्षं तो तसाच चालत होता. कापड चांगलं निघायचं, म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता, आणि आमच्या दोघांच्या कानांना तोच सरळ वाटायला लागला होता. मामी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन आली.

"काय झालं? मेला का काय त्यो?"

"ह्यो लंगडतोय," मामा म्हणाला.

"लंगडतोयच की! मी नांदाय आले तवापास्नं लंगडतोय. तुमास्नी आत्ता कळलं व्हय?"

मामा शेडच्या पायरीवर बसला. माझ्या हातात जे जे होतं ते सगळं त्या मागानं घातलेलं होतं. त्यातून लंगडणं तेवढं वेगळं काढायचं म्हणजे पिठातून मीठ काढायचं.

माग दुरुस्त करणारा आला. डाव्या बाजूचा चामड्याचा पट्टा सैल होता, तो त्यानं बदलला, तासाभराचं काम. माग सरळ चालायला लागला. मी मात्र काहीच वाजवू शकेना. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि जमीनच यावी, तसा हात दर वेळी आपटायचा. मामानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एका ठोक्याला एक सूर, फोड यायचे त्या दिवसांसारखं. गाणं नाही, काही नाही, फक्त एक सूर. टोपलीतल्या कांड्या कमी पडायला लागल्या तर मामी येऊन माझ्या जागी बसायची. "वाजव तू," एवढंच म्हणायची. नवरात्र गेलं, दिवाळी आली. एका सुराचे दोन झाले. दोन सरळ जायचे, चार झाले की लंगडायला लागायचे. मी भाकरी थापताना सरळ थापायचा प्रयत्न करायची. झाडू मारताना. श्वास घेताना. एकदा दिवाळीच्या आदल्या दिवशी चारही सरळ गेले, थोडाच वेळ, आणि मामानं भिंतीवर डोकं टेकलं.

आता गिटार माझ्या साताऱ्याच्या घरी आहे. हे रिक्षा घेऊन गेले, पोरं शाळेत गेली की मी दार लावून ती काढते. नव्या तारा मुलानं आणून दिल्या. ॲम्प्ली नाही, तशीच वाजवते, रातकिड्यासारखी. मोबाईलमध्ये ती टिकटिकही आहे. बोटांना सगळं आठवतं. उंबरा आठवतो. पण दुसरा ठोका मागंच येतो. जे शेवटी शिकले ते सगळं गेलं, आणि जे आधी बसलं होतं ते तसंच आहे. मी रोज ठरवते, आज सरळ. रोज थोडा वेळ जमतं आणि सुटतं. कधीकधी मी टिकटिक बंद करते. तो माग भंगारात वितळून गेला असेल. त्याचं चालणं आता जगात कुठंच नाही, फक्त माझ्या उजव्या मनगटात उरलंय. ते सरळ केलं तर ते जाईल, आणि नाही केलं तर मला कधीच कुणाबरोबर वाजवता येणार नाही. काय करावं मला कळत नाही. गिटार पुन्हा गुंडाळून ठेवते.

त्या दिवसाचं लिहायचं मी टाळत होते.

तुळशीच्या लग्नाला थोडे दिवस राहिले होते. सकाळची वेळ. मी भिंतीकडं तोंड करून वाजवत होते आणि मेंढरांचा वास आला. वळून बघितलं तर आबा दारात, पटका, काठी, पायाला धूळ. किती दिवस ते तिथं उभे होते माहीत नाही, म्हणजे किती वेळ. ते म्हणाले, "चालू दे." पण माझे हात थांबले.

कळप रानाला निघाला होता. त्याआधी त्यांनी आटपाडीच्या बाजारात चांगली चांगली मेंढरं विकली होती. शेठ शेडमध्येच होते. आबा त्यांच्यापुढं जाऊन खाली बसले.

"शेठ, पोरीची बाकी किती ऱ्हायली?"

"कशाला घाई, आबा? फिटतीया की कांड्यांवर."

"न्हाई. आजच मिटवा."

मामा माग सोडून आला. "दाजी, थोडं दीस थांबा. तुळशीचं लगीन होऊ द्या. लय महत्त्वाचं हाय."

"पोरीला बघाय पावनं यायचं हायती," आबा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आन तुला सांगतो गड्या, पोरगी गहाण ठिवल्यागत वाटतंय मला. रातीला झोप न्हाई. तिकडं रानात तिची आय बी इचारती, कवा सुटणार, कवा सुटणार."

मामानं माझ्याकडं बघितलं. "तूच सांग गं. सांग की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा, शेठ, पिठाच्या हातानं दारात आलेली मामी. एकच वाक्य बोलायचं होतं. आबा, थोडे दिवस राहू द्या. एवढंच. पण आबांनी पटक्याची गाठ सोडली आणि त्यातून नोटा काढल्या, घामानं एकमेकींना चिकटलेल्या. त्या सोडवताना त्यांच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं सुख होतं. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं.

शेठ मोजायला लागले. एक नोट, मग एक नोट. भिंतीशी तिसरा माग चालला होता, सरळ. माझा उजवा हात ओढणीखाली त्याच्याबरोबर हलत होता, एकाला चार, एकाला चार, आणि लंगडत नव्हता. शेठची मोजणी संपेपर्यंत एकदाही लंगडला नाही. ते कुणाला दिसलं नाही. मामालाही नाही, तो मागाकडं तोंड करून उभा होता.

शेठनं शेवटची नोट खाली ठेवली. "फिटली सगळी," ते म्हणाले.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुटलीस, बाळे. आता कुनाचं काय देनं न्हाई तुज्यावर."